दर्याचा मंगळवार

टेमा, घाना
रविवार, २ मार्च २००३

ती. मामांस मनोजचा साष्टांग नमस्कार. मामीला आधी वार सांगून टाका, म्हणजे ती पुढचं ऐकेल. आज रविवार. मासळी विकणाऱ्या बाईला तारखेशी काय करायचंय? रविवार, बुधवार, शुक्रवार हे तिचे दिवस, बाकीचे नुसते येतात आणि जातात.

मी सुखरूप पोचलो. मिलमध्ये चाळीस लूम आहेत, आपल्या भिवंडीतल्यासारखेच खडखडणारे. मी फिटर, हाताखाली दोन माणसं, सोमवार ते शनिवार ड्युटी, रविवारी सुट्टी. उकाडा कशेळीचाच आहे. फोन करत नाही, कारण फोनवरचं बोलणं पत्रासारखं डब्यात ठेवता येत नाही असं मामीनं बजावलंय.

आज मच्छीमारांच्या किनाऱ्यावर गेलो होतो. शेकडो होड्या, लांबच लांब, एकाच खोडातून कोरलेल्या, अंगावर रंगीत पट्टे. एक म्हातारा जाळं पसरून बसला होता. टेटे त्याचं नाव. माझ्या मोडक्या इंग्रजीला त्याचं मोडकं इंग्रजी बरं जुळलं. तो म्हणाला, इथे मंगळवारी कोणी समुद्रावर जात नाही. मासळीचा कितीही लोंढा आलेला असो, मंगळवार दर्याच्या विसाव्याचा. त्या दिवशी सगळे किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात. मला हसू आलं. तुम्ही मला आठवीच्या परीक्षेच्या दिवशीसुद्धा आधी होडीवर नेलं होतंत.

आता कामाचं. आईच्या हिश्श्याचं संमतीपत्र मी सही करून तुमच्या ट्रंकेत ठेवलंय. तुमची एक सही झाली की खाडीकाठची जागा गोदामवाल्याची. मामा, लांबवू नका. शेजारच्या पूर्ण्याला बघा, भाताच्या शेतांत गोदामं उभी राहिली आणि लोकांनी घरं बांधली. तुम्ही साठी ओलांडलीत. चिखलात मांडीपर्यंत उतरता आणि चार चिंबोऱ्या घेऊन वर येता, ते मला बघवत नाही. निघताना चारचौघांत बोललो तेच परत लिहितो, खाडीवर आता कोणाचं पोट भरणार नाही.

तुमचा,
मनोज


कशेळी
बुधवार, २६ मार्च २००३

चि. मनोज, तुला माझे आशीर्वाद, आणि मामीचे माझ्यापेक्षा जास्त. असंच लिही म्हणून ती समोर बसली आहे.

तुझं पत्र वाचायला घेतलं तर तिनं पहिला प्रश्न तोच केला, "कंचा वार?" रविवार म्हटल्यावर हसली. सुट्टीच्या दिवशी पोरगा आपल्याला आठवतो, याचंच तिला कौतुक. संध्याकाळी धक्क्यावर सगळ्यांना सांगून आली की मनोजच्या गावाला दर्या मंगळवारी सुट्टी घेतो.

सहीचं म्हणशील तर पेनातली शाई संपली होती. गोदामवाल्याचा माणूस, तो पांढऱ्या बुटांचा, दुसऱ्या खेपेला पेन घेऊनच आला. मग माझा चष्मा सापडेना. तिसऱ्या खेपेला तो पेढे घेऊन आला. पेढे मामीनं ठेवून घेतले आणि त्याला सांगितलं की मालक खाडीत गेलेत. मी आतल्या खोलीत होतो. आता त्यानं दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर सही नाही झाली तर तो पलीकडची जागा घेणार.

तू म्हणतोस ते खोटं नाही. वरून कारखान्यांचं पाणी येतं, कधी निळं, कधी तांबडं. रेती काढणाऱ्यांनी तळ खरवडून काढलाय. पुलावर ट्रक थांबले की भोंग्यांनी चिखलातले निवट्या मासेसुद्धा बिळात जातात. आपल्या वेळी इथे तीस होड्या होत्या, आता माझी एक. पण मनोज, खाडी आजारी आहे आणि तू मला तिला विकायला सांगतोस. मला जरा वेळ दे.

तिथल्या होडीला फळ्या नसतात तर दुरुस्ती कशी करतात? मासळी कोण विकतं? वाटे कसे पडतात? हे सगळं लिही. लूमचं नको, लूम मला घरी बसल्या ऐकू येतात.

तुझा,
केसरीनाथ मामा


टेमा
रविवार, २७ एप्रिल २००३

ती. मामा, नमस्कार. मामी, रविवार.

तुमच्या प्रश्नांसाठी आज मुद्दाम टेटेबाबाकडे गेलो. होडी चिरली तर भेगेत दोर ठोकतात आणि वर पत्रा मारतात. मासळी बायकाच विकतात, भावही त्याच ठरवतात आणि पुरुष ऐकून घेतात. टेटेबाबाची बायको देदे अगदी मामी आहे. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती मासा परत टोपलीत ठेवते आणि आभाळाकडे बघत बसते. वाटे पडतात ते माणसांचे, आणि शिवाय एक होडीचा, एक इंजिनाचा, एक जाळ्याचा. जाळं आजारी पडलं तर औषधाला हवं ना, असं बाबा म्हणाला.

मग एक गंमत झाली. बोलता बोलता मी त्यांच्या जाळ्याचं टोक हातात घेतलं आणि बोटांनी आपोआप गाठ मारली. बाबानं माझा हात धरला, गाठ उलटसुलट करून बघितली, बाजूच्या चार माणसांना बोलावून दाखवली. गाठ तीच आहे मामा. तुम्ही मला आपल्या खाडीकाठच्या जागेत, भेंडीच्या झाडाखाली शिकवलेली गाठ आणि यांची गाठ, एक सुताचा फरक नाही. तीन तास बसून मी त्यांचं अर्धं जाळं शिवलं.

पण यांचंही आपल्यासारखंच चाललंय. मोठी जहाजं रात्रंदिवस तळ झाडून नेतात. यांना इंजिन लावून दिवसभर लांब जावं लागतं आणि तरी टोपल्या रिकाम्या येतात. किनाऱ्याच्या एका बाजूला कंटेनर ठेवायला जागा करणार असं ऐकलं. म्हणून सांगतो, हे जगभर आहे, याला कोणी थांबवणार नाही. तुम्ही मन घट्ट करा आणि सही करून मोकळे व्हा.

मनोज


कशेळी
शुक्रवार, २३ मे २००३

चि. मनोज, आशीर्वाद.

गाठीचं वाचून मी बाहेर जाऊन बसलो. मामीनं विचारलं काय झालं, तर डोळ्यांत धूर गेला म्हणालो. चूल विझलेली होती.

तुला ती गाठ मी शिकवली असं तू लिहितोस. मी नाही शिकवली, तुझ्या आईनं शिकवली. आमची धोंडू माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण जाळ्यात माझ्या पुढे. भेंडीखाली तुला मांडीवर घेऊन ती जाळं शिवायची आणि तू तिच्या सुईला हात घालायचास. ती गेली तेव्हा तू सहा वर्षांचा. मी नंतर तुझ्यासमोर सुई धरली, पण बोटं तयार होती. तेवढीच तिची शिकवण आणि तेवढीच तिची जागा. म्हणून माझं पेन अडतं. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नसतं, पत्राचा हाच फायदा.

देदेबाईला मामीचा नमस्कार सांग. आभाळाकडे बघायची युक्ती इकडे ती आता वापरू लागली आहे.

तुझा मामा


टेमा
मंगळवार, ८ जुलै २००३

ती. मामा आणि मामी, दोघांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला, माफ करा. मिलमध्ये काम फार आहे. बाकी सगळं ठीक, खाणंपिणं ठीक, काळजी करू नका.

आईबद्दल तुम्ही लिहिलंत ते पत्र मी शर्टाच्या खिशात ठेवतो. घडीवर फाटलं, म्हणून मागून कागद चिकटवलाय.

इथे सध्या वारा जोरात आहे. पहाटे होड्या निघतात तेव्हा लाटेवरून ढकलायला वीस माणसं लागतात आणि सगळे एका सुरात ओरडतात. दोराला हात लावला की तळवे सोलतात, मिठानं चिरा पडतात. तुम्ही हाताला काय लावायचात? खोबरेल की आणखी काही? आणि जाळं एका जागी सारखं फाटत असेल तर तिथे दुहेरी सूत घ्यायचं की भोक लहान करायचं?

सहीची घाई नाही. सावकाश.

मनोज


कशेळी
बुधवार, ३० जुलै २००३

चि. मनोज, आशीर्वाद.

हाताला खोबरेल आणि मेण गरम करून लाव. जाळ्याला दुहेरी सूत घे, भोक लहान केलंस तर पाणी अडून आणखी फाटेल. लूमच्या फिटरला हे कशाला लागतं ते मी विचारत नाही.

होडी भेंडीखाली पालथी घातली आहे, पाऊस उतरला की डांबर लावीन. नारळी पौर्णिमा मंगळवारी, बारा ऑगस्टला आहे. तिथेही समुद्र आहे, तेव्हा एक नारळ आपल्या घरचा दे. तुमचा टेटेबाबा काही म्हणाला तर सांग, मामाचा आहे.

मामा


टेमा
मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

ती. मामा, मामी, नमस्कार.

आज माझी अशी फजिती झाली की लगेच लिहायला बसलो. नारळ भरतीच्या पाण्यात द्यायचा, हे तुमचं शिकवणं. भरती कधी, तर तिथीची पाऊणपट करा. पौर्णिमा म्हणजे पंधरा, म्हणजे सव्वा अकरा. मी अंघोळ करून, नारळाला कुंकू लावून बरोबर सव्वा अकराला किनाऱ्यावर उभा. पाणी कुठे? पार लांब गेलेलं, पोरं वाळूत फुटबॉल खेळतायत. मी नारळ घेऊन समुद्राकडे चालतोय आणि समुद्र काही जवळ येत नाही. अख्खा किनारा हसला. टेटेबाबानं विचारलं तेव्हा मी तिथीचा हिशेब वाळूत मांडून दाखवला. तो म्हणाला, तुझ्या मामाचं गणित बरोबर असेल, पण ते तुझ्या मामाच्या खाडीचं आहे. इथे आज भरती साडेचारला.

मग साडेचारपर्यंत आम्ही जाळी शिवत बसलो. मंगळवार, त्यामुळे सगळेच होते. पाणी आल्यावर बाबा स्वतः माझ्याबरोबर कमरेपर्यंत उतरला. आज दर्याकडून काही घ्यायचं नसतं, द्यायला हरकत नाही, असं म्हणाला. देदेबाईनं नारळाला हात लावला. मी आईचं नाव घेतलं, तुम्हा दोघांचं घेतलं आणि नारळ सोडला.

मामा, ही माणसं चांगली आहेत. एवढंच लिहायचं होतं.

मनोज


कशेळी
शुक्रवार, ५ सप्टेंबर २००३

चि. मनोज,

हे पत्र मी लिहितोय, पण विचारतेय तुझी मामी.

तुझं नारळाचं पत्र मी वाचलं. भरतीच्या ठिकाणी मला इतकं हसू आलं की चष्मा काढावा लागला. साऱ्या जगाच्या समुद्राला मुंबईची भरती लावणारा तू पहिलाच. मी हसतोय आणि मामी बोटांवर वार मोजतेय. मग तिनं विचारलं, "कंचा वार म्हनलास?" मंगळवार म्हटलं. "आनि त्याच्या आधीचा?" डब्यातून काढून बघितलं, तोही मंगळवार. ती म्हणाली, "मिल रविवारी बंद असते न? मंग मंगलवारी सव्वा अकरापासना साडेचारपर्यंत पोरगा दर्यावर काय करतो?"

मी म्हटलं, रजा घेतली असेल. ती म्हणाली, रजा घेणारा माणूस हाताच्या चिरांना औषध विचारत नाही. मी तुला लिहिलं होतं, विचारत नाही म्हणून. मला तेव्हाच वाटलं होतं आणि मी विचारलं नाही, ही माझी चूक. पंचेचाळीस वर्षं वार बघून टोपली भरणारी बाई ती, तिच्यापुढे तुझं काय चालणार?

तर आता खरं ते लिही. आम्हाला राग नाही. तिनं फक्त एकच विचारायला सांगितलंय, "तो उपाशी तं न्हाय न?"

तू जिवाला लावून घेऊ नकोस. बाकीचं मी बघतो.

मामा


टेमा
मंगळवार, ३० सप्टेंबर २००३

ती. मामा आणि मामी,

मामी, मी उपाशी नाही. एक दिवससुद्धा उपाशी राहिलो नाही. हे आधी वाचून दाखवा आणि मग पुढचं वाचा.

जूनमध्ये मिल बंद झाली. एका सकाळी गेलो तर दाराला कुलूप. बाहेरचा स्वस्त कपडा आला, आमचा कोणी घेईना. ज्यांना शक्य होतं ते परत गेले. मी परत येऊ शकलो असतो, दूतावासात रांग लावून, हातापाया पडून. पण कोणत्या तोंडानं येणार होतो? खाडीवर पोट भरणार नाही असं तुम्हाला सगळ्यांसमोर ऐकवून मी लूमच्या जिवावर गेलो होतो.

त्या दिवशी दुसरीकडे कुठे जावं कळेना, म्हणून किनाऱ्यावर जाऊन बसलो. देदेबाईनं मला बघितलं. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा पानात उकडलेला गोळा, तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा असं ताट आणून पुढे ठेवलं आणि आभाळाकडे बघत बसली. मी जेवलो. मग टेटेबाबानं फाटकं जाळं माझ्या मांडीवर टाकलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे आहे. झोपायला त्यांच्याच अंगणातली खोली. मला जाळ्याचा अर्धा वाटा मिळतो. जाळ्याच्या औषधाचा वैद्य तू, असं बाबा म्हणतो. मामा, आईनं बोटांत ठेवलेल्या एका गाठीवर मी चार महिने जेवलो. ज्या कामाला मी नावं ठेवली त्यानंच मला सांभाळलं. तुमचे पाय जवळ असते तर धरले असते.

आता नीट ऐका. "बाकीचं मी बघतो" हे वाक्य मला कळतं. तुम्ही ते आठवीत माझी फी भरताना म्हणाला होतात आणि मग मामीच्या कानात कुड्या दिसल्या नव्हत्या. मला परत आणण्यासाठी तुम्ही पाडव्याला सही करणार. करू नका. इथल्या एका गुजराती शेठनी परतीच्या तिकिटाची सोय केली आहे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी निघतोय. मला पैशाची गरज नाही.

आणखी एक. गेल्या महिन्यात इथल्या किनाऱ्याच्या त्या बाजूला कुंपण पडलं. सकाळी बाबा गेला तर त्याची होडी ओढायची जागा तारेच्या आत. साठ वर्षं तो तिथे बसला. मी विचारलं, तुम्ही संमती कशी दिली? तो म्हणाला, मला कोणी विचारलंच नाही. कागद नाही, सही नाही. मामा, तुम्हाला निदान विचारायला माणूस येतो. पेन घेऊन येतो, पेढे घेऊन येतो. ज्याला विचारतात त्यानं तरी नाही म्हणावं. ट्रंकेतला माझा कागद फाडून टाका. मी परत आलो की भिवंडीत लूमवरच जाईन, खाडी दोघांना पोसणार नाही हे मला माहीत आहे. पण भेंडीखालची जागा राहू दे.

हे पत्र पाडव्याआधी पोचावं म्हणून आज टेटेबाबा स्वतः पोस्टात नेणार आहे.

तुमचा,
मनोज


कशेळी
बुधवार, २९ ऑक्टोबर २००३

चि. मनोज,

पोचलं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी. मामी बाजारात होती, म्हणून मी एकट्यानं वाचलं आणि मग ती येईपर्यंत ओट्यावर बसून राहिलो. मी पांढऱ्या बुटाला शब्द दिला होता की पाडव्याला ये. तुझ्या कागदाशेजारी माझा कागद काढून ठेवला होता, शाई भरून ठेवली होती. तू बरोबर ओळखलंस.

संध्याकाळी मामीला वाचून दाखवलं. "मी उपाशी नाही" इथे तिनं मला थांबवलं आणि तेवढं वाक्य तीनदा वाचायला लावलं. मग देदेबाईचं ताट आलं. तिनं विचारलं, मासा कुठला होता. तू लिहिलं नाहीस, पुढच्या वेळी लिही. मग ती उठून आत गेली आणि तिनं देवापुढे दिवा लावला.

पाडव्याला तो माणूस आला. मी त्याला ओट्यावर बसवलं, मामीनं करंज्या दिल्या. मी म्हटलं, "जागा द्यायाची न्हाय. माझा भाचा अजून जाली शिवतो." त्याला काही कळलं नाही, पण करंज्या खाऊन गेला. तुझा कागद मी फाडला. त्याच्या तुकड्यांच्या कोऱ्या बाजूनं मामीनं दोन दिवस मासळीचा वजनकाटा पुसला आणि मग ते तुकडे चुलीत टाकले.

याबरोबर एक पुडकं आहे. त्यात तुझ्या आईची जाळं शिवायची बांबूची सुई आहे. तुझ्यासाठी नाही, टेटेबाबाला दे. त्याला सांग, जी बोटं तू सांभाळलीस ती हिनं घडवली. इंग्रजीत कसं सांगायचं ते तू बघ. देदेबाईला मामीनं सुकट पाठवली आहे, वास येईल म्हणून तीन पिशव्यांत बांधली आहे. पोस्टातला माणूस तरीही नाक धरून होता.

आणखी एक गोष्ट झाली आहे. मी आता मंगळवारी खाडीत जात नाही. मंगळवारची मासळी बुधवारी विकते, आणि बुधवार म्हणजे मामीचा चांगला दिवस, म्हणून मी आधी तिलाच विचारलं. आठवड्यातला एक दिवस तुझा बुडेल, असं स्पष्ट सांगितलं. ती टोपली धूत होती. म्हणाली, "बुडू दे. आपल्या पोराला जेवाया घातलंय त्यांनी." गावात लोक हसतात. उभ्या खाडीत एकच होडी आणि तीही मंगळवारी घरी. मी सांगतो, दर्याची सुट्टी आहे. आमच्या पाहुण्यांचा रिवाज आहे, आम्ही पाळतो.

तू डिसेंबरात येतोस. विमान कुठल्या तारखेला उतरतं ते तू ठरव, मामीला तारखेचं काही नाही. तिनं वार मात्र सांगून ठेवलाय. मंगळवारी ये. त्या दिवशी मी घरी असतो.

तुझा,
केसरीनाथ मामा